मोटारीच्या धुराची वाट

आपल्या शहराजवळ शेंद्रा येथें २००१ सालीं स्कोडा कंपनीचा कारखाना सुरू झाला. परदेशांतून पेट्यांत भरून आलेले सुटे भाग तेथें जोडून मोटारी तयार होऊं लागल्या. त्या भागांचीं भोकें एकमेकांशीं आधींच जुळविलेलीं असत. परंतु ज्यास आपल्या कल्पनेची मोटार बांधावयाची आहे त्याला इंजिन एकाचें, सांगाडा दुसऱ्याचा, असा संसार मांडावा लागतो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांसाठीं अशाच गाड्या बांधतात. त्या बंदिस्त मार्गावर धावतात. रस्त्यावरील नोंदलेल्या गाडींत मन मानेल तसा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची मनाई आहे, हें पालकांनींही ध्यानांत ठेवावें.

आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मजकडे एक वांकडी पोलादी नळी घेऊन आला. इंजिन बसलें होतें, पण ही नळी सांगाड्याच्या दांड्यास अडत होती. तिचें नांव एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. सिलिंडरांतील जळके वायू गोळा करून सायलेन्सरकडे नेणें हें तिचें काम. घणाचे दोन तडाखे देऊन ती चेपावी, असा त्याचा बेत होता. नळी चेपली कीं वायूची वाट अरुंद होते आणि इंजिन गुदमरतें.

वळण बदलण्याची जुनी रीत म्हणजे नळींत वाळू ठासून, तापवून ती वांकविणें. वाळू मात्र अगदीं कोरडी हवी. ओल राहिल्यास वाफ कोंडून नळी फुटते. आम्हीं दुसरी रीत धरली. नळी कापून मध्यें पाचरीसारखे तुकडे बसविले, इंजिनावरच ठिपक्याठिपक्यांनीं डागून माप घेतलें, आणि मग पुरें वेल्डिंग केलें. (जस्ताचा मुलामा असलेली नळी यासाठीं घेऊं नये, तिच्या धुरानें ताप भरतो.) दांड्यापासून बोटभर अंतर ठेविलें, कारण पांचशें अंश तापल्यावर अर्ध्या मीटरची पोलादी नळी तीनएक मिलिमीटर वाढते. वाढीस जागा नसली कीं सांधा तडकतो.

एक चूक राहिली. वेल्डिंग करतांना इंजिनास जोडणारी पट्टी, म्हणजे फ्लँज, जाड पाटास बोल्टांनीं आवळून ठेवावयास हवी होती. ती उष्णतेनें किंचित् वांकली. डोळ्यांस दिसेना.

पहिल्यांदा इंजिन चालू केलें त्या दिवशीं पाऊस होता, म्हणून मुलांनीं शेडचें दार लावून घेतलें. मी पोंचलों तों दोघेजण डोकें धरून बसलेले. फटींतून व मागील तोंडांतून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आंत सांचला होता. त्यास ना रंग, ना वास. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट ओढीनें चिकटतो. त्यांना ओढून पावसांत आणलें व तडक डॉक्टरांकडे नेलें. देवाच्या कृपेनें दोघेही वांचले.

पुढें कांचेवर घासकागद पसरून ती पट्टी सपाट होईपर्यंत घांसली आणि नवी गॅस्केट घातली. नंतर नळींत हवा भरून सांध्यांवर साबणाचें पाणी सोडलें. बुडबुडा उठला नाहीं. आतां तो मुलगा इंजिन सुरू करण्यापूर्वीं दार उघडतो आणि वाऱ्यानें तें मिटूं नये म्हणून खालीं दगड लावतो.