लोणंदचा कांदा आणि तासाभराचं टोकन

लोणंदच्या कांदा बाजारात अडत्याला परवाना लागतो, हमालाला लागतो, मापाड्यालाही लागतो. महाराष्ट्राच्या १९६३च्या बाजार समिती कायद्याने ही शिस्त घालून दिली. शेतकऱ्याच्या मालाला कोणी हात लावायचा आणि हिशेबाची पट्टी कोणी फाडायची, याची नोंद समितीच्या दप्तरात असते.

समजा, खंडाळा तालुक्यातल्या मुलांनी (हा खंडाळा खंबाटकीच्या पायथ्याचा, लोणावळ्याकडचा नव्हे) या बाजारासाठी मोबाइलवर चालणारी वेबसाइट केली. २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे शेतकऱ्याला फोनवर नोंद करायची सवय लागलेलीच आहे. या साइटवर शेतकरी भाव बघणार, अडत्या पट्टी भरणार, समितीचा कर्मचारी दर नोंदवणार आणि लिलाव झाला की शेतकऱ्याच्या फोनवर सूचना जाणार. अशा कामाला बरेच जण फायरबेसची जावास्क्रिप्ट लायब्ररी घेतात. लॉगिन, परवानगी आणि सूचना, तिन्ही गोष्टी तिच्यात तयार मिळतात. पण अधिकाराचा निकाल कुठे लावायचा, ही जबाबदारी आपलीच राहते.

ओटीपी टाकून अडत्या आत आला की लायब्ररी त्याच्या ब्राउझरमध्ये एक टोकन ठेवते. दिसायला ती अक्षरांची लांबलचक माळ असते. तिचे दोन टिंबांनी पाडलेले तीन भाग असतात आणि सुरुवात जवळपास नेहमी ‘ईवायजे’ या अक्षरांनी होते. पहिल्या भागात सही कोणत्या पद्धतीची ते लिहिलेलं असतं, मधल्या भागात माणूस कोण, टोकन कधी दिलं, कधी संपणार. तिसरा भाग म्हणजे सही. २०१५ साली या रचनेचं मानक ठरलं. मधला मजकूर गुप्त नसतो, कोणालाही उलगडून वाचता येतो. मात्र त्यात ‘शेतकरी’ खोडून ‘अडत्या’ लिहिलं तर सही जुळत नाही आणि सर्व्हर टोकन परत फिरवतो. मजकूर असा उघडा असतो म्हणून टोकनमध्ये बँक खात्याचा नंबर किंवा आधार क्रमांक कधीही घालू नये.

‘हा अडत्या आहे’ ही खूण टोकनमध्ये घालायचं काम फक्त सर्व्हरचं. फायरबेसमध्ये अशा खुणांना एकूण १००० बाइटची मर्यादा आहे. भूमिका आणि समितीचा क्रमांक एवढं त्यात सहज मावतं. नवखे प्रोग्रॅमर इथेच फसतात. शेतकऱ्याला ‘दर बदला’ हे बटण दिसू दिलं नाही, की सुरक्षा झाली असं त्यांना वाटतं. ब्राउझरमधला सगळा कोड वापरणाऱ्याच्या हातात असतो. जाणकार माणूस बटणाशिवायही विनंती पाठवू शकतो. बटण लपवणं ही वापरणाऱ्याची सोय झाली. दर बदलायची प्रत्येक विनंती सर्व्हरवर सही तपासूनच स्वीकारली पाहिजे.

याहून नाजूक प्रश्न परवाना रद्द होण्याचा. टोकन एक तास चालतं, मग लायब्ररी परस्पर नवं आणते. समितीने सकाळी दहाला अडत्याचा परवाना निलंबित केला आणि त्याचं टोकन पावणेदहाला निघालेलं असेल, तर पावणेअकरापर्यंत त्या टोकनवर ‘अडत्या’च लिहिलेलं राहतं. ऐन लिलावाच्या वेळी तेवढ्यात कितीतरी पट्ट्या फाटतील. तेव्हा निलंबनाबरोबर त्याची टोकनं सर्व्हरवरून रद्दबातल करायची आणि पैशाशी संबंध येणाऱ्या प्रत्येक विनंतीला ‘हे रद्द तर झालेलं नाही ना’ हेही तपासायचं. फायरबेसमध्ये दोन्हींची सोय आहे, पण दुसरी तपासणी आपण सांगितल्याशिवाय होत नाही. तिला थोडा जास्त वेळ लागतो. नुसते भाव बघणाऱ्यासाठी ती नको, पट्टीसाठी मात्र हवीच.

सूचनांसाठी लागणारं टोकन वेगळं. पहिलं माणसाची ओळख सांगतं, हे त्या फोनवरच्या त्या ब्राउझरचा पत्ता सांगतं. तो मिळायला शेतकऱ्याची परवानगी लागते. साइट उघडताक्षणी परवानगीची चौकट समोर आली की माणूस वैतागून ‘नको’ दाबतो. एकदा नकार नोंदला की कोडमधून पुन्हा विचारता येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन बदल त्यालाच करावा लागतो आणि तेवढ्या खटाटोपात सहसा कोणी पडत नाही. त्यापेक्षा त्याने आवक नोंदवली की खाली बटण द्यावं: ‘माझ्या गरव्या कांद्याचा भाव लागला की कळवा’. ते दाबल्यावरच परवानगी मागावी. फायरफॉक्सने तर २०२० पासून वापरणाऱ्याने काही दाबल्याशिवाय ही चौकट दाखवणंच थांबवलं. आयफोनवर अशा सूचना २०२३ मध्ये आल्या, त्याही साइट होम स्क्रीनवर घेतली असेल तरच.

सूचनेला मुदत घालणंही तितकंच गरजेचं. फोन बंद असेल किंवा रेंज नसेल तर फायरबेस संदेश धरून ठेवतं आणि मुदत दिली नसेल तर चार आठवड्यांपर्यंत. मागच्या आठवड्याचा भाव आजचा समजून कोणी ट्रॉली भरली तर भाडं त्याच्या अंगावर पडणार. भावाच्या संदेशाला दोन-तीन तासांची मुदत पुरे, आणि मजकुरात तारीख-वेळ हवीच.

खेड्यात एक फोन घरातले चारजण वापरतात. वडिलांनी लॉगआउट केलं आणि मुलाने स्वतःचं खातं उघडलं, तरी सूचनेचा पत्ता तोच राहू शकतो. मग वडिलांच्या पट्टीची रक्कम मुलाच्या समोर, किंवा फोन विकला असेल तर परक्याच्या समोर. म्हणून लॉगआउटचं बटण दाबलं की आधी सूचनेचं टोकन ब्राउझरमधून आणि सर्व्हरच्या यादीतून काढायचं, मग माणसाला बाहेर सोडायचं. क्रम उलटा झाला तर यादीतलं नाव काढायला लागणारी ओळखच हाती उरत नाही.