दोन खिडक्या की एक आरसा?

मित्रांनो, एक गंमत करून पाहा. अंगठा डोळ्यांसमोर धरा. आधी उजवा डोळा मिटा, मग तो उघडून डावा मिटा. अंगठा जागचा हलला ना? आता हात लांब करा. अंगठा कमी हलेल. वस्तू जितकी दूर, तितका हा फरक कमी. रेंजफाइंडर कॅमेरा याच युक्तीवर चालतो!

त्याला समोरून दोन खिडक्या असतात. दोन्हींतली चित्रं आत एकावर एक दिसतात. लेन्सची कडी फिरवली की एक चित्र सरकतं. दोन्ही तंतोतंत जुळली की फोकस झालाच म्हणून समजा. १९५४ साली आलेला जर्मनीचा लायका एम३ यासाठी फार नावाजला गेला. पण यात आपण लेन्समधून बघतच नाही. त्यामुळे लेन्सवर झाकण राहिलं, तरी आतून सगळं लख्ख दिसतं आणि फोटो मात्र काळाकुट्ट!

एसएलआरमध्ये असं होत नाही. जपानचा निकॉन एफ, १९५९ सालचा, हा त्यातला नामांकित. लेन्सच्या मागे तिरका आरसा असतो. तो प्रकाश वर दुधी काचेवर पाठवतो. लेन्सला दिसतं तेच आपल्याला दिसतं. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश फिल्मवर पडतो.

मग अचूक कोण? उत्तर लेन्सवर अवलंबून आहे.

२८ मिलिमीटरच्या लेन्समधून पुष्कळ दृश्य मावतं, पण सगळं लहान दिसतं. एसएलआरमध्ये मग नेमकं काय धूसर आहे, हे डोळ्याला कळत नाही. रेंजफाइंडरच्या खिडक्यांना मात्र लेन्स बदलल्याने फरक पडत नाही. तिथे तो जिंकतो.

२०० मिलिमीटरची लेन्स लावा, की बाजी उलटते. आता जरा चूक झाली तरी फोटो बिघडतो. एम३ च्या खिडक्यांमधलं अंतर जेमतेम ७ सेंटिमीटर; एवढी बारीक चूक त्याला पकडता येत नाही. म्हणून त्याच्या व्ह्यूफाइंडरमधल्या चौकटी १३५ मिलिमीटरपाशीच थांबतात. एसएलआरमध्ये मात्र दृश्याबरोबर चूकही मोठी होऊन दिसते!

फिल्मच्या रोलमध्ये फोटो ३६, आणि चूक कळणार रोल धुतल्यावर! तोवर पक्षी उडालेला, वाढदिवस संपलेला. म्हणून आधी योग्य कॅमेरा निवडणं महत्त्वाचं.

घरी जुना कॅमेरा असेल, तर मोठ्यांना विचारून त्यातून बघा. सूर्याकडे मात्र कधीच रोखू नका हं! मधोमध दुहेरी चित्र दिसतं की सगळंच धूसर होतं? सांगा पाहू, तुमचा कॅमेरा कुठला?