वेढ्यापासून कॅप्सूलपर्यंत : झोपेच्या वनस्पतींच्या शतकाचा मागोवा

महाराष्ट्रातील घरगुती औषधव्यवहारात जायफळाचे माप वेढ्याने ठरत असे. सहाणेवर थोडे पाणी किंवा दूध घेऊन जायफळ एकदा गोल फिरवले की एक वेढा होतो. बाळगुटीत मुरडशेंग, हळकुंड, वेखंड आणि आस्कंद, म्हणजे अश्वगंधा, यांच्याबरोबर जायफळ उगाळताना त्याचे वेढे मोजकेच ठेवावेत, कारण ते वाढले तर मूल गुंगून पडते, ही जाण बाळंतिणीच्या खोलीतील वडीलधाऱ्या बायकांकडे असे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, असे आजचे बालरोगशास्त्र सांगते आणि ते योग्यच आहे. तरीही त्या जुन्या रीतीतील मोजमापाची शिस्त विसरण्याजोगी नाही, कारण झोपेसाठी वापरल्या गेलेल्या वनस्पतींचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहू लागले की अपाय बहुतेक वेळा माप आणि मुदत सुटल्यानंतरच झालेला दिसतो.

खुद्द जायफळाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. रात्री कोमट दुधात घातलेली त्याची चिमूटभर पूड निरोगी प्रौढ माणसाला सहसा बाधत नाही. परंतु त्यातील बाष्पनशील तेलात मिरिस्टिसिन नावाचे द्रव्य असते आणि सुमारे ५ ग्रॅम पूड, म्हणजे जवळजवळ एक आख्खे जायफळ, पोटात गेल्यास मळमळ, छातीत धडधड, तोंडाला कोरड आणि भ्रम अशी लक्षणे उद्भवू शकतात. पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने १८२९ मध्ये तीन जायफळे स्वतः खाऊन हा अनुभव घेतला आणि नोंदवून ठेवला. झोप आली नाही म्हणून चिमटीची मूठ करणाऱ्याच्या वाट्याला अधिक झोप न येता विषबाधा येते, हे त्या नोंदीवरून तेव्हाच स्पष्ट झाले होते.

मुंबईच्या गिरणगावात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे घडले ते याहून कितीतरी वेदनादायक होते. पहाटे भोंग्याला गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफू घातलेली ‘बाळगोळी’ देत, आणि दिवसभर खोलीत पडून राहणारे मूल त्या गुंगीत भूकही विसरत असे. मुंबई सरकारने औद्योगिक कामगार स्त्रियांच्या पाहणीसाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ मध्ये नोंदवले की अशा स्त्रियांच्या अर्भकांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जात होती. अफू हीदेखील वनस्पतीचाच चीक आहे. ‘झाडपाल्याचे औषध, त्याने काय होणार’ हा आजही सर्रास ऐकू येणारा युक्तिवाद त्या एका आकड्यापुढे टिकत नाही. मात्र या प्रकरणात आयांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. मूल रडत होते ते आजारामुळे नव्हे, आई जवळ नव्हती म्हणून. आणि कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात जेथे स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात तेथे पाळणाघरे असावीत असे सुचवले, तेव्हा उपाय मुळाशी नेला गेला. निद्रानाशाचे कारण न शोधता गुंगी आणणे म्हणजे उपचार नव्हे, हे या शहराने फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे.

त्याच १९३१ साली सर्पगंधेची कहाणी वेगळ्या वळणावर आली. बिहार आणि उत्तर प्रदेशात ‘पागल की दवा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुळीविषयी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की तिची २० ते ३० ग्रेन, म्हणजे साधारण १.३ ते २ ग्रॅम, पूड दिवसातून दोनदा दिल्यास झोप तर येतेच, शिवाय रक्तदाबही उतरतो. दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी याच मुळीतून अल्कलॉइडे, म्हणजे अल्प मात्रेतही शरीरावर तीव्र परिणाम करणारी नत्रयुक्त वनस्पतिद्रव्ये, वेगळी काढली आणि त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ५० रुग्णांवरील निरीक्षणे ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बासल शहरात रेसर्पीन हे मुख्य द्रव्य वेगळे झाले आणि भारतातील मुळी जगभरच्या रुग्णालयांत पोहोचली. त्यानंतर काही वर्षांतच रेसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये खोल औदासीन्य आढळल्याचे अहवाल येऊ लागले. त्या दोहोंचा कार्यकारणसंबंध किती पक्का, याविषयी पुढे तज्ज्ञांत मतभेद झाले, तरी नैराश्याचा पूर्वेतिहास असलेल्यांना हे औषध देऊ नये हा दंडक कायम राहिला. या द्रव्याचा परिणाम हळूहळू साठतो आणि औषध थांबवल्यावरही बरेच दिवस ओसरत नाही. चार रात्री झोप लागली नाही म्हणून सर्पगंधेची गोळी स्वतःच्या मनाने घेणे, आणि तेही रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना, धोक्याचे का, याचे उत्तर या इतिहासात आहे.

युरोपात या काळात व्हॅलेरियनच्या मुळीला मान होता. हिमालयात उगवणारा तगर हा तिचाच सगोत्र. युरोपीय औषध संस्थेच्या वनस्पतिविषयक समितीने सौम्य मानसिक ताण आणि झोपेच्या तक्रारींसाठी तिचा वापर मान्य केला, पण तिचा गुण सावकाश येत असल्याने तातडीच्या उपचारासाठी ती योग्य नाही, बारा वर्षांखालील मुलांना ती देऊ नये आणि दोन आठवडे घेऊनही तक्रार राहिल्यास डॉक्टरांना भेटावे, असेही नमूद केले. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संघटनेने मात्र २०१७ च्या मार्गदर्शिकेत, पुरावा अपुरा मानून, प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशासाठी ती वापरू नये असेच सुचवले. ज्याला उद्याच्या परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या आदल्या रात्री झोप हवी आहे, त्याच्या हाती यातून फारसे काही लागत नाही.

अलीकडच्या वर्षांत हा मान आस्कंदाकडे आला आहे. या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातील ‘सोम्निफेरा’ या लॅटिन पदाचा अर्थच निद्रा आणणारी असा आहे. तिच्या मुळाच्या अर्कावर झालेल्या पाच चाचण्यांचा, एकूण ४०० सहभागींचा, एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि झोपेवर तिचा परिणाम अल्प पण खरा आहे असे त्यात दिसले. या चाचण्या मुख्यतः काही आठवड्यांच्या होत्या, वर्षानुवर्षांच्या नव्हेत. त्याच्या आदल्याच वर्षी आइसलँड आणि अमेरिकेतील काही रुग्णांमध्ये ती घेतल्यानंतर कावीळ आणि यकृताला इजा झाल्याची नोंद झाली होती, आणि २०२३ मध्ये डेन्मार्कने तिच्यावर बंदी घातली. अशी इजा विरळ असली तरी डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे किंवा अंगाला खाज सुटणे यांपैकी काही दिसले तर कॅप्सूल त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे लागते. गर्भवती, यकृताचे रुग्ण, थायरॉइडची गोळी घेणारे, तसेच झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असलेले यांनी ती आपल्या मनाने घेऊ नये. दारूबरोबर तर झोपेची कोणतीच वनस्पती घेऊ नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला तिच्याविषयी आधी सांगणे आवश्यक असते, कारण ‘औषधे कोणती चालू आहेत’ या प्रश्नाच्या उत्तरात चूर्ण आणि काढे रुग्णांच्या तोंडी येतच नाहीत.

येथेही सहाणेवर न उद्भवणारा एक प्रश्न आहे. परंपरेत झोपेसाठी वापरले जाते ते आस्कंदाचे मूळ. पाने स्वस्त पडतात आणि अर्कात मिसळता येतात. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानांचा वापर टाळण्यास सांगितले. सहाणेवर मूळ उगाळणाऱ्या बाईच्या बोटांत ते मूळच असे आणि त्याचा वासही तिच्या ओळखीचा असे. कॅप्सूल घेणाऱ्याला मात्र आत काय आहे ते वेष्टनावरील बारीक अक्षरांत वाचूनच कळते, आणि वनस्पतीचा कोणता भाग, किती मिलिग्रॅम आणि कोणी तयार केला हे तेथे लिहिलेले नसेल तर ती बाटली फळीवरच राहू देणे बरे.