पाण्यातील घड्याळ कोणाच्या हाती द्यावे?

घड्याळाच्या तबकडीवर '२०० मीटर' अशी अक्षरे छापलेली असली म्हणजे ते जन्मभर पाण्याला दाद देणार नाही, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते. वस्तुतः ते वचन घड्याळ कारखान्यातून बाहेर पडले त्या दिवसाचे असते. पुढे त्याचे पाठीमागचे झाकण ज्याने ज्याने उघडले, त्याच्या हातगुणावर ते अवलंबून राहते. म्हणून पाणबुड्यांसाठी केलेले घड्याळ विकत घेताना जितका विचार करावा, त्याहून अधिक विचार ते तेलपाण्यासाठी कोणाच्या स्वाधीन करावे याचा करणे अगत्याचे आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर वसलेल्या पाचगणीत ही चिंता कशाला, असे कोणी विचारील. परंतु येथील पावसाळ्यात धुके घराच्या खिडकीतून आत येऊन बसते. आणि दिवाळीच्या सुटीत याच घरांतील तरुण मंडळी मालवणजवळ तारकर्लीला जाऊन पाण्याखाली उतरण्याचा सराव करतात. धुके सोसलेले घड्याळ मग समुद्रात जाते. तेव्हा त्याची परीक्षा डोंगरावर असतानाच व्हावयास हवी.

येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. आषाढात मुंबईस घड्याळाचा सेल बदलून घ्यावा, पाचगणीस यावे, रात्री ते मनगटावरून काढून खिडकीपाशी ठेवावे, आणि सकाळी काचेच्या आतल्या बाजूस दव दिसावे! मालक म्हणतो, पाणी शिरले. कदाचित शिरलेही असेल. परंतु झाकण बंद करताना मुंबईची दमट हवाच आत कोंडली गेली असेल, तरीही थंडी लागताच तीतील बाष्प काचेवर जमते. घड्याळास एकही छिद्र असण्याची आवश्यकता नाही. उंचीमुळे आतील हवा बाहेरच्या विरळ हवेस ढकलते हे खरे. पण तो जोर दीड मीटर पाण्याच्या दाबाइतकाच असल्याने धडधाकट घड्याळास त्याचे काही वाटत नाही. दव कोठून आले याचा निवाडा न करता जो कारागीर झाकण उघडून, फुंकर घालून, पुन्हा लावून देतो, त्याने रोग तसाच ठेवून लक्षण मात्र पुसले.

पाण्याला आत येण्यास मुख्यतः तीन दारे असतात : पाठीमागचे झाकण, काचेची कड आणि चावीची दांडी. तिन्ही ठिकाणी रबराची वा तत्सम पदार्थाची कडी दाबून बसविलेली असतात. घाम, साबण, गरम पाणी आणि खार यांनी ती कडक होतात, चपटी होतात. १९२७ साली मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्रज जलतरणपटू बाईने इंग्लिश खाडीच्या थंडगार पाण्यात दहा तासांहून अधिक काळ रोलेक्सचे ऑयस्टर घड्याळ गळ्यात बाळगले आणि ते चालूच राहिले, ही हकीकत जाहिरातींनी जगभर नेली. ते घड्याळ मात्र नवे होते, हे ऐकणाराच्या ध्यानात राहत नाही.

आता परीक्षेचा विचार करू. पहिली परीक्षा कोरडी. घड्याळ बंद भांड्यात ठेवून हवेचा दाब वाढवितात. त्याने काच केसभर वाकते. ती वाकलेलीच राहिली तर ठीक. हळूहळू पूर्वस्थितीस येऊ लागली तर हवा आत शिरत आहे असे यंत्र सांगते. दुसरी परीक्षा साधी, पण फार बोलकी आहे. घड्याळ चाळीसपंचेचाळीस अंशांवर तापवून काचेवर गार पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवावयाचा आणि पुसून पाहावयाचे. आतून धुकट दिसले तर आत ओल आहे. तिसरीत दाबाखालील घड्याळ पाण्यात बुडवून दाब उतरवितात आणि बुडबुडे निघतात का ते पाहतात. ही परीक्षा कोरडीच्या आधी करणारा मनुष्य घाईचा समजावा. कारण बुडबुडा दिसताच घड्याळ वर उचलले नाही, तर परीक्षेतच ते बुडते.

पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे (क्रमांक ६४२५), त्यात किमान १०० मीटरची अट असून, लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाब द्यावा असे म्हटले आहे. म्हणजे २०० मीटरच्या घड्याळास २५ वातावरणांचा. पुष्कळ दुकानांतील हवेची यंत्रे इतकी वर जातच नाहीत. त्यास पाण्याने भरलेले बळकट भांडे लागते. 'टेस्ट केले आहे' एवढ्या उत्तराने म्हणूनच समाधान मानू नये. किती दाबाने, असे विचारावे. या प्रश्नाने खरा कारागीर रागावत नाही, उलट खुलतो.

मग बाजारपेठेतील घड्याळजीकडे जाऊच नये काय? तसे नाही. वडिलांचे एच. एम. टी. पुन्हा चालते करावयाचे तर बहुधा असा जुना हातच उपयोगी पडतो; त्या कारखान्याने घड्याळे करणे २०१६ साली थांबविले. पण ते घड्याळ घालून कोणी समुद्रात उतरत नाही. जे उतरावयाचे आहे, ते हमीच्या मुदतीत असेल तर कंपनीच्या पुण्या-मुंबईतील सेवाकेंद्राकडेच द्यावे. मुदत संपली असेल तर दाबाचे यंत्र बाळगणारा, जुनी कडी काढून ग्राहकाच्या हातावर ठेवणारा आणि निकाल कागदावर देणारा स्वतंत्र कारागीर तितकाच चांगला. किंबहुना आपल्याच हाताने काम करणारा असल्यामुळे कित्येकदा अधिक चांगला. केवळ पाटी मोठी आहे म्हणून विश्वास टाकणे व्यर्थ होय.

हा नुसत्या शोभेचा प्रश्न नाही. पाण्याखाली किती मिनिटे झाली यावर वर कसे यावे हे ठरते. ठरल्या वेळेपेक्षा अधिक काळ खोल राहून झपाट्याने वर आलेल्या मनुष्याच्या रक्तात विरलेला नत्रवायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सांधे ठणकतात, क्वचित लुळेपणाही येतो. हल्ली हा हिशेब मनगटावरील लहानसे गणकयंत्र ठेवते. तरी ते बंद पडले तर घड्याळ हाच दुसरा साक्षीदार उरतो, आणि तो खोटा निघता कामा नये.

तारकर्लीचा बेत ठरला असेल तर घड्याळ महिनाभर आधी धाडावे. योग्य मापाचे कडे दुकानात नसले तर ते मागवावे लागते, आणि घाईच्या गिऱ्हाइकास जुनेच कडे तेल लावून पुन्हा बसवून मिळण्याचा संभव असतो.