फेरेटच्या त्वचेचा कोरडेपणा व ओटस्नान

फेरेट या पाळीव प्राण्याची कोरडी पडलेली, खाजणारी त्वचा शांत करण्यासाठी ओट या धान्याचे वस्त्रगाळ पीठ कोमट पाण्यात मिसळून त्याला जे स्नान घालतात, त्यास ओटस्नान म्हणतात. या उपचाराने खाज काही काळ शमते. परंतु तिचे मूळ कारण दूर होत नाही. त्यामुळे खाज निव्वळ कोरडेपणाची आहे की एखाद्या रोगाचे लक्षण आहे, हे प्रथम पाहणे आवश्यक असते.

प्राणी व त्याची त्वचा : फेरेट (म्यूस्टेला फ्यूरो) हा यूरोपीय पोलकॅटपासून माणसाळविलेला मांसाहारी प्राणी असून तो दोन हजारांहून अधिक वर्षे माणसाच्या सहवासात आहे. यूरोपात ससे व उंदीर बिळांतून हुसकण्यासाठी त्याचा उपयोग होत असे. दिसण्यात त्याचे मुंगसाशी साम्य वाटले, तरी दोघांची कुले भिन्न आहेत. फेरेटचा समावेश म्यूस्टेलिडी कुलात होतो. महाराष्ट्रात आढळणारी पाणमांजरे याच कुलातील होत. त्याच्या शरीराची लांबी डोक्यासह सु. ३५ ते ४० सेंमी. व शेपूट सु. १३ सेंमी. असते. नर मादीपेक्षा बराच मोठा असतो.

त्याच्या त्वचेतील त्वक्‌स्नेह ग्रंथी चांगल्या विकसित असतात. त्यांतून स्रवणारे तेल त्वचा व केस मऊ राखते आणि प्राण्याला विशिष्ट उग्र वासही देते. हा वास घालविण्यासाठी त्याला वरचेवर साबणाने धुतल्यास तेलाचा थर नाहीसा होऊन त्वचा कोरडी पडते; शिवाय ग्रंथी अधिक स्रवू लागल्याने वास पुन्हा वाढतो. पाळीव फेरेटच्या खाजेचे हे एक नेहमीचे, टाळता येण्याजोगे कारण होय.

सीवूड्ससारख्या ठिकाणचे हवामान : नवी मुंबईतील सीवूड्स हा नेरूळ व बेलापूर यांच्या दरम्यानचा, खाडीकाठचा वस्तीचा भाग आहे. सिडकोने (स्थापना १९७०) वसविलेल्या या शहरातील बहुतेक वस्ती सदनिकांची आहे. हवा वर्षाचा बराच काळ दमट असल्याने येथे त्वचा कोरडी पडण्याचे कारण नाही, असे प्रथमदर्शनी वाटते; परंतु फेरेटच्या बाबतीत परिस्थिती वेगळी असते. घामाद्वारे शरीर थंड करण्याची क्षमता त्याच्यात फारशी नसल्यामुळे सु. ३०° से. वरील तापमान त्याला धोकादायक ठरते व उष्माघाताने तो दगावू शकतो. कोकण किनाऱ्यावर त्याला उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीतच ठेवावे लागते. वातानुकूलन यंत्र हवा थंड करताना तिच्यातील बाष्पही काढून टाकते. अशा प्रकारे ज्या उपायाने प्राण्याचा जीव वाचतो, त्यानेच त्याची त्वचा शुष्क होते. यंत्राचा झोत पिंजऱ्यावर सरळ येऊ न देणे व खोली गरजेपुरतीच थंड ठेवणे, हे यावरील पहिले उपाय होत. हिवाळ्यात जमिनीवरून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यांमुळेही त्वचेवर कोंडा दिसू लागतो.

ओटचे कार्य : ओटच्या (ॲव्हेना सटायव्हा) पिठात स्टार्च, प्रथिने, स्निग्ध पदार्थ व बीटा-ग्लुकान असतात. पीठ पुरेसे बारीक असल्यास ते पाण्यात कलिल रूपात तरंगत राहते आणि त्वचेवर त्याचा पातळ थर बसतो. या थरामुळे त्वचेतील पाणी उडून जाण्याचे प्रमाण घटते. ओटमधील ॲव्हेनँथ्रामाइड या संयुगांमुळे दाह व खाज कमी होते, तर सॅपोनिनांमुळे मळ सौम्यपणे निघतो. त्वचारक्षक द्रव्य म्हणून कलिली ओटपिठाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये मान्यता दिली. ती माणसांसाठी असली, तरी कुत्र्या-मांजरांच्या त्वचेसाठीही ओटयुक्त द्रव्ये वापरली जातात.

महाराष्ट्रात दिवाळीच्या अभ्यंगस्नानात उटणे, तर एरवी बेसन किंवा मसुराचे पीठ अंगाला लावण्याची रीत आहे. धान्याच्या पिठाने त्वचा न खरवडता स्वच्छ करणे ही कल्पना त्यामुळे मराठी घरांना परिचित आहे. तथापि उटण्यातील कचोरा, नागरमोथा इ. सुगंधी द्रव्ये फेरेटच्या त्वचेला व श्वसनमार्गाला त्रासदायक ठरू शकतात. म्हणून त्याच्यासाठी उटणे वापरू नये.

पद्धती : साखर, मीठ, मसाला किंवा सुकामेवा नसलेले साधे ओट घेऊन ते मिक्सरमध्ये अगदी बारीक दळतात. चमचाभर पीठ पेलाभर कोमट पाण्यात टाकून ढवळले असता पाणी दुधासारखे झाले व तळाशी गाळ बसला नाही, तर ते योग्य समजावे. दळणे शक्य नसल्यास ओट पातळ सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात पिळून काढतात. पाणी प्राण्याच्या शरीराच्या तापमानाइतके, म्हणजे सु. ३८° से. असावे व ते त्याच्या छातीच्या वर जाऊ नये. पाय घसरू नयेत म्हणून टबाच्या तळाशी टॉवेल अंथरतात. एका हाताने प्राण्याला आधार देऊन दुसऱ्या हाताने ५ ते १० मिनिटे पाणी अंगावर सोडावे. डोळे, नाक व कान यांत ते जाऊ देऊ नये. साबण लावू नये व अंग घासू नये. शेवटी साध्या कोमट पाण्याने हलकेच धुऊन टॉवेलने टिपून घ्यावे आणि केस पूर्ण वाळेपर्यंत पंखा व वातानुकूलन यंत्र बंद ठेवावे. पावसाळ्यात केस लवकर वाळत नाहीत व ओलसर त्वचेवर कवकांची वाढ होऊ शकते; त्यामुळे या काळात अधिक काळजी घ्यावी लागते. भिजविलेले पीठ लवकर आंबत असल्याने प्रत्येक वेळी ताजे वापरावे.

पशुवैद्याने वेगळे सांगितले नसल्यास महिन्यातून एकापेक्षा अधिक वेळा स्नान घालू नये. जखमा, पू किंवा ओलसर चट्टे असल्यास ते मुळीच घालू नये. कापूर, फिनेल, रॉकेल व टी-ट्री तेल ही फेरेटला विषारी असल्याने घरगुती उपाय म्हणून वापरू नयेत. आहारात प्राणिज प्रथिने व स्निग्ध पदार्थ पुरेसे नसल्यासही केस रुक्ष होतात; भात, पोळी किंवा दूध यांवर वाढविलेल्या फेरेटची त्वचा केवळ स्नानाने सुधारत नाही.

रोगजन्य खाज : पिसवा, कानातील माइट, खरूज व गजकर्ण ही खाजेची सामान्य कारणे आहेत. यांपैकी गजकर्ण व खरूज यांचा संसर्ग माणसालाही होऊ शकतो. वर्षातून दोनदा होणारी केसगळती नैसर्गिक असते. परंतु शेपटीपासून सुरू होऊन पाठीकडे पसरणारी व न भरून येणारी केसगळती हे बहुधा अधिवृक्क ग्रंथीच्या विकाराचे लक्षण असते. हा विकार मध्यम वयाच्या, विशेषतः खच्ची केलेल्या फेरेटमध्ये वारंवार आढळतो व त्यात पुष्कळदा खाजही सुटते. मादीचे जननांग सुजते. नरात पुरःस्थ ग्रंथी वाढून लघवी अडल्यास तातडीने उपचार करावे लागतात. डेस्लोरेलीनासारखी औषधे किंवा शस्त्रक्रिया हे या विकारावरील उपाय होत. खच्ची न केलेली मादी दीर्घकाळ माजावर राहिल्यास स्त्रीमदजनाच्या आधिक्याने तिचे केस गळतात व अस्थिमज्जा निकामी होऊन प्राणघातक रक्तक्षय होतो. या अवस्थांत ओटस्नानाने मिळणारा आराम फसवा ठरतो, कारण त्यामुळे निदान लांबते.

एका स्नानानंतर आठवडाभरात खाज न थांबल्यास, केस गळून टक्कल दिसू लागल्यास किंवा त्वचेवर गाठ आढळल्यास प्राण्याला पशुवैद्याकडे नेणे इष्ट होय. फेरेट भारतात विरळाच पाळला जात असल्याने विदेशी पाळीव प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याचा ठावठिकाणा प्राणी घरी आणण्यापूर्वीच माहीत करून घ्यावा.