तुरीच्या मुळांवरील नत्राच्या गाठी

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे. परंतु पिकांना तो थेट घेता येत नाही. भातखाचरातील साचलेल्या पाण्यात वाढणारे निळे-हिरवे शेवाळ हा नत्र भाताला मिळवून देते. आळंद भागातील कोरडवाहू काळ्या जमिनीत असे पाणी टिकत नाही. तेथे हेच काम तुरीच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू करतात. तूर त्यांना साखर पुरविते व ते तुरीला नत्र देतात. १८८८ साली बायरिंक या डच शास्त्रज्ञाने हे जिवाणू प्रथम वेगळे केले.

ज्या शेतात बरीच वर्षे तूर घेतलेली नाही, तेथे हे जिवाणू कमी असण्याचा संभव असतो. अशा वेळी बियाण्यास जिवाणू संवर्धन लावणे हिताचे ठरते. २५० ग्रॅमचे एक पाकीट १० किलो बियाण्यास पुरते. गुळाचे पाणी उकळून पूर्ण थंड झाल्यावर त्यात संवर्धन कालवावे, बियाण्यास हलक्या हाताने चोळावे आणि बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे. संवर्धन उन्हात ठेवू नये किंवा रासायनिक खतात मिसळू नये.

पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी एखादे रोप मुळांसह अलगद खणून गाठ कापून पाहावी. आत गुलाबी रंग दिसल्यास गाठ काम करीत आहे असे समजावे. पांढरी किंवा हिरवट गाठ निरुपयोगी होय. तुरीला युरिया जास्त दिल्यास गाठी कमी धरतात. म्हणजे विकतच्या नत्रापायी शेतकरी फुकटचा नत्र गमावतो.