काटकसरीची बाराखडी, गुटगुटीत अक्षरं

नागरी अक्षरांच्या इतिहासात वर्ध्याचं नाव येतं ते काटकसरीमुळे. शिशाचे खिळे जुळवून नागरी छापायची तर कंपोझिटरला शेकडो खिळे हाताशी लागत. १९३५ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इंदूरला हिंदी साहित्य संमेलन भरलं आणि लिपीसुधारणेचं काम काका कालेलकरांकडे आलं. पुढच्याच वर्षी वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. तिच्या पुस्तकांत इ, ई, उ, ए यांच्या जागी अि, अी, अु, अे छापलं जाऊ लागलं. मराठीत सावरकरांचाही हाच आग्रह होता. स्वरांचे वेगळे खिळे वाचत, पण डोळ्यांना ही अक्षरं रुळली नाहीत. पुढे आचार्य नरेंद्र देव समितीने 'अ'ची बाराखडी नाकारली.

संगणकावर खिळ्यांची टंचाई नाही. त्यामुळे तिथे उलटा प्रयोग करता आला: नागरी अक्षर जास्तीत जास्त किती जाड होऊ शकतं?

मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' हे त्या प्रश्नाचं उत्तर. त्याची देवनागरी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची, रोमन नूपुर दाते यांची. हाताने काढलेल्या रेखाटनांतून सुरू झालेला हा फॉन्ट नावाप्रमाणेच फुगीर आणि मऊ कडांचा आहे. ऑसवाल्ड कूपर यांनी १९२० च्या दशकात शिकागोत घडवलेल्या आणि साठ-सत्तरच्या दशकांत जाहिराती, रेकॉर्डच्या वेष्टनांवर मिरवलेल्या 'कूपर ब्लॅक'ची त्याला पाहून आठवण येते.

पण रोमन अक्षर फुगवणं सोपं. नागरीत शिरोरेषा, वर रफार-मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरांची दाटी. 'सिद्धिविनायक' हा शब्द लिहून पाहावा: 'द्धि'मध्ये 'द'च्या पोटात 'ध' आणि वर वेलांटी. रेघ जाड होत गेली की आतली पांढरी जागा बुजते आणि अक्षराचा नुसता काळा गोळा होतो. 'मोदक'मध्ये ती जागा बारीक चिरेइतकी उरते, आणि त्या चिरेवरच अक्षर ओळखू येतं. म्हणून हा फॉन्ट मोठ्या आकारातच खुलतो. बातमीच्या मजकुराएवढा केला की ती चीर छपाईच्या शाईत भरून जाते.

त्याची जागा ठळक मथळ्याची. वर्ध्याच्या सेलू तालुक्यातल्या केळझरच्या गणपतीसाठी भाद्रपदात फलक करायचा, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं नाव लिहायचं, मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ सजवायचं, तर दोन-तीन शब्दांत तो रंग भरतो. हेच काम पूर्वी कमल शेडगे यांच्यासारखे अक्षरकार नाटकांच्या जाहिरातींत आणि नियतकालिकांच्या शीर्षकांत हाताने करत. एकेका नावासाठी वेगळं अक्षर घडवत. फॉन्टला ती मोकळीक नाही, पण तो मुक्त परवान्याचा असल्याने हिंगणघाट-आर्वीच्या लहानशा डीटीपीच्या दुकानातही विनामूल्य वापरता येतो. मथळा 'मोदक'मध्ये ठेवून तारीख, वेळ, पत्ता 'एक टाइप'च्याच साध्या 'मुक्ता'मध्ये दिला, की फलक लांबून खुणावतो आणि जवळ गेल्यावर वाचताही येतो.